पहिलीतलं मूल, चार ओळी आणि ‘हात दुखतो’: ही तक्रार परत परत का येते

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की थोड्याच दिवसांत ठरलेले फोन यायला लागतात. ‘काकू, चार ओळी झाल्या की हात दुखतो म्हणतो.’ ‘काकू, काल रात्री साडेनऊपर्यंत वही घेऊन बसलो, शेवटी दोघंही रडलो.’ मग घरात कोणीतरी गिरवायचं पुस्तक आणतं, रोज एक पान असं ठरतं, पंधरा दिवस बरं चालतं आणि गणपती येईपर्यंत गाडी परत मूळ पदावर. मी ठाण्यात वर्तकनगरला पहिली-दुसरीच्या मुलांचे लिखाणाचे वर्ग घेते. तिथे दरवर्षी हेच बघते, म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

ही तक्रार परत येते, कारण तिच्यावरचा उपाय आपण नेहमी वहीतच शोधतो. अक्षर वाईट, तर आणखी एक पान. वेग कमी, तर आणखी दोन पानं. प्रत्यक्षात बिघाड बऱ्याचदा वहीच्या बाहेर असतो, खुर्चीत असतो, पेन्सिलीच्या टोकाशी असतो, कधी दप्तरात कोंबलेल्या ओल्या रेनकोटात असतो. तो जागचा हलला नाही की जास्तीच्या पानांनी फक्त दुखणं वाढतं. त्यामुळे तपासायला सुरुवात पायांपासून करायची. मग कोपर, मग बोटं, मग अक्षराचं वळण आणि सगळ्यात शेवटी ऱ्हस्व-दीर्घ. बहुतेक घरांत हा क्रम बरोब्बर उलटा असतो.

मूल लिहितं कुठे?

आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये अभ्यासाची जागा म्हणजे डायनिंग टेबल, नाहीतर पलंगावर पालथं पडून, नाहीतर सोफ्यावर मांडीवर उशी घेऊन. यातलं डायनिंग टेबल लोकांना सगळ्यात शिस्तीचं वाटतं आणि माझ्या मते बहुतेक त्रास तिथूनच सुरू होतो. हे टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतं. सहा वर्षांचं मूल स्वतः ११०-११५ सेंटिमीटर. त्याला ३० सेंटिमीटरच्या आसपासची बैठक आणि ५० ते ५५ सेंटिमीटरचं टेबल लागतं. मोठ्यांच्या टेबलाशी बसवलं की खांदा कानाकडे जातो, पाय लोंबकळतात आणि तोल सांभाळायला डावा हात टेबलाची कड धरून ठेवतो. आता वही धरायची कोणी? ती सरकते, अक्षरं उतरणीला लागतात आणि डायरीत शेरा येतो, ‘लिखाणात नीटनेटकेपणा नाही.’

तपासायला मिनिटभर लागतं. मुलाला बसवा, खांदे सैल सोडायला सांगा, कोपरात हात दुमडायला सांगा. कोपर टेबलाच्या पातळीला आलं तर ठीक. खाली राहिलं, तर बसायला घडी घातलेली रजई द्या आणि पायाखाली पाट किंवा रद्दीने गच्च भरलेलं खोकं ठेवा. पायाखालचा आधार लोक विसरतात. उंच बसवतात आणि पाय आणखी अधांतरी करून ठेवतात.

याहून सोपं म्हणजे जमिनीवर मांडी घालून बसायचं आणि पुढ्यात बुटका चौरंग घ्यायचा. जुन्या पेढ्यांवर मुनीमजींचं उतरतं मेज असायचं, ते उगाच नव्हतं. तिरक्या पृष्ठभागावर मनगट आपोआप थोडं मागे वळतं आणि बोटं मोकळी होतात. घरी हे करायचं तर जाड बॉक्स फाइल घ्या, जाड कड मुलापासून लांब ठेवा, झालं मेज.

वही समोर काटकोनात ठेवायचा आग्रह धरू नका. उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या वहीचा वरचा काठ डावीकडे किंचित झुकलेला हवा, म्हणजे हात ओळीच्या कडेने सरळ सरकतो. मूल डावखुरं असेल तर वरचा काठ उजवीकडे झुकवा आणि वही शरीराच्या मध्यापासून जराशी डावीकडे घ्या. शाळेत त्याला बाकाच्या डाव्या टोकाला बसवायला सांगा, नाहीतर दिवसभर शेजाऱ्याच्या कोपराशी मारामारी चालते. आणि हात बदलायला लावू नका. आजी म्हणाली तरी नाही.

पानाची मागची बाजू

मुलाची वही हातात आली की मी लिहिलेली बाजू आधी बघतच नाही. पान उलटते आणि मागून बोट फिरवते. कागद गुळगुळीत लागला, तर दाब ठीक आहे. अक्षरं बोटाला टोचली, पुढच्या तीन-चार पानांवरही वळ दिसले, तर ‘हात दुखतो’ ही थाप नाही, हे तिथेच कळतं. इतक्या जोरात दाबून तुम्ही-आम्हीही चार ओळींपुढे जाणार नाही.

मूल दाबतं का? एक कारण पेन्सिल. शाळेच्या यादीत एचबी लिहिलेलं असतं, आपण डझनभर आणतो. एचबीची रेघ लहान हाताच्या हलक्या दाबाला फिकी उठते. बाईंना दिसत नाही, बाई ‘गडद लिही’ म्हणतात, मूल जोर लावतं. टूबी पेन्सिल आणून द्या. तिचं शिसं मऊ असतं, कमी जोरात काळी रेघ येते. तिला टोक वारंवार करावं लागतं हे खरं, पण तेवढ्याने हातालाही विसावा मिळतो.

दुसरं कारण खास आपल्या हवेचं. जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्यात कागद हवेतला दमटपणा ओढून घेतो. पानाचे कोपरे वळतात, कागद मऊ पडतो, त्यावर पेन्सिल नीट उमटत नाही. मूल दाबतं. मग चुकलं म्हणून खोडायला जातं आणि रबराखाली पानाची साल निघते. भोक पडलं की रडारड. वर्गात येणाऱ्या मुलांची दप्तरं मी उघडून बघते. रेनकोट वह्यांना चिकटून कोंबलेला असतो आणि खालून पाणी झिरपत असतं. चालू वही झिपच्या प्लास्टिक पिशवीत ठेवा, रेनकोट वेगळ्या पिशवीत. पावसाळ्यात गिरवायच्या सरावाला पाटीच बरी. पाटीवर पेन्सिलीची खरखर हाताला जाणवते, रेघ कुठे चालली आहे ते बोटांना कळतं आणि पुसलं तरी पाटी फाटत नाही.

दाब कमी करायचा माझा आवडता खेळ कार्बन पेपरचा आहे. झेरॉक्सच्या दुकानात अजून मिळतो, नाहीतर जांभळी नाक्याच्या बाजारात स्टेशनरीवाल्याकडे विचारा. दोन कोऱ्या कागदांमध्ये कार्बन ठेवायचा आणि मुलाला सांगायचं, ‘वरच्या कागदावर नाव दिसू दे, पण खालच्यावर उमटलं तर तू आउट.’ ‘दाबू नकोस’ असं दहादा सांगून जे होत नाही, ते यात होतं, कारण किती जोर लावला ते मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. दुसऱ्या दिवशी उलटा खेळ, खालच्यावर उमटलंच पाहिजे. दोन्ही जमलं की जोर कमी-जास्त करणं हातात आलं.

पकड

यावर पालक फार अडतात. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाचा आधार ही पुस्तकातली पकड उत्तमच, पण तर्जनी आणि मधलं बोट दोन्ही पेन्सिलीवर ठेवून लिहिणारी मुलंही छान, वेगाने लिहितात. त्यांना बदलायला लावण्यात अर्थ नाही. बदलायची ती अशी पकड: अंगठा पेन्सिलीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेलेला, मनगट हवेत उचललेलं किंवा चारही बोटांची मूठ.

साडेतीन-चारच्या सुमाराला मूल तीन बोटांत पेन्सिल धरू लागतं, पण तेव्हा हलतो तो अख्खा हात. बोटांच्या बोटांत बारीक हालचाल व्हायला साधारण साडेचार ते सहा वर्षं उजाडतात. मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्माच्या वेळी ती सगळी कूर्चाच असते, एकेक करून तिचं हाड होत जातं आणि शेवटच्याची पाळी साधारण आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान येते. ज्युनिअर केजीच्या मुलाकडून पानंच्या पानं भरून घेणाऱ्यांनी हे एकदा वाचून ठेवावं.

पकडीवर साधे उपाय दोन. पेन्सिल तोडा. खरंच, बोटभर उरलेला तुकडा द्या. आखूड तुकड्यावर मूठ मावतच नाही, बोटांना चिमूट करावीच लागते. आणि करंगळी व अनामिकेखाली तळहातात एक चिंचोका धरायला द्या. तो पडू न देता लिहायचं. ती दोन बोटं कामाला लागली की उरलेली तीन आपोआप मोकळी होतात. महागड्या रबरी ग्रिपा ऑनलाइन मागवायला माझी ना नाही, पण त्या दुसऱ्या आठवड्यात सोफ्याखाली सापडतात.

बोटांत ताकद यावी म्हणून वेगळा व्यायाम कशाला, स्वयंपाकघर आहेच. मटार सोलणं, मेथी निवडणं, कणकेचे गोळे, वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावणं. चिमटा दाबताना जी बोटं लागतात तीच पेन्सिलीला लागतात. भिंतीवरचा फळाही चांगला, उभ्या पृष्ठभागावर खांदा आणि मनगट दोन्ही कामाला येतात. फळा नसेल तर गॅलरीच्या भिंतीवर पाण्यात बुडवलेला जाड ब्रश चालतो, आणि भिंत वाळली की सोसायटीवाले काही म्हणत नाहीत.

इथपर्यंत सगळं ठीक, तरी अक्षर कोसळतं

मग वळणाकडे या. आपल्याकडची बरीच मुलं इंग्रजी माध्यमात आहेत. ती चार रेघी वहीत आधी इंग्रजी शिकतात आणि तिथे अक्षर खालच्या रेघेवर बसतं. मराठीचं अक्षर वरच्या रेघेला लटकतं. हे कोणी सांगितलेलंच नसेल तर मूल दुरेघी वहीतही ‘ग’ खालच्या रेघेवर नेऊन बसवतं, डोकी खाली-वर होतात आणि वरून मारलेली शिरोरेषा लाटेसारखी दिसते. मराठी लिहिताना बोट वरच्या रेघेवर ठेवून दाखवा, ‘सगळे इथे लटकणार.’ खाली कुठे संपलं याकडे पहिले काही दिवस दुर्लक्ष करा.

शिरोरेषा आधी की नंतर, यावर दोन शिक्षक एकत्र आले की वाद होतो. माझं मत, आधी पूर्ण शब्द लिहायचा आणि मग एका दमात वरची रेघ. दर अक्षराला स्वतंत्र रेघ मारली की शब्द तुटक होतो आणि हात सारखा उचलावा लागतो. फक्त इथे एक खड्डा आहे आणि मुलं त्यात हमखास पडतात. ‘भ’ आणि ‘ध’ यांची वरची रेघ सलग नसते. सपाट्यात मारलेल्या रेघेने ‘भ’चा ‘म’ होतो आणि ‘ध’चा ‘घ’. ‘माझा भाऊ’ या विषयावरच्या पाच ओळींत एका मुलाचा ‘माऊ’ शाळेत जातो, ‘माऊ’ क्रिकेट खेळतो आणि ‘माऊ’ला ‘माजी’ आवडत नाही. बाई प्रत्येक ओळीखाली लाल रेघ मारतात आणि पालकांना वाटतं पोराला स्पेलिंग येत नाही. स्पेलिंग येतं, रेघ थांबवता येत नाही. उपाय सोपा आहे. रेघ मारताना तोंडाने ‘सर्रर्र’ म्हणायचं आणि भ-ध आले की ‘टुण्’ म्हणून पेन्सिल उचलायची. दोन-तीन दिवसांत हात शिकतो, कारण आवाज विसरला तर मुलालाच चुकल्यासारखं वाटतं.

अक्षरांचा क्रमही बघा. काही शाळा ‘अ’पासून सुरू करतात. बोटांसाठी ‘अ’ आणि ‘इ’ अवघड आहेत. मूल उभी आणि आडवी रेघ आधी काढतं, तीन वर्षांच्या सुमाराला गोल, चारच्या सुमाराला अधिकचं चिन्ह आणि तिरक्या रेघा नीट यायला पाच उजाडतात. त्यामुळे ग-म-न हे उभ्या कान्याचे गडी आधी, मग व-ब-क, मग र-स-ख, आणि ‘इ’, ‘ह’, ‘झ’ मागाहून. शाळेचा क्रम वेगळा असेल तर तो शाळेत चालू द्या, घरी गटाने गिरवून घ्या.

वेलांटीचं दुखणं वेगळं. ‘किती’ म्हणताना मुलाला आधी ‘क’ ऐकू येतो, म्हणून ते ‘क’ लिहितं आणि मग पहिली वेलांटी काढतं. ती जाऊन बसते ‘त’च्या डोक्यावर आणि होतं ‘कति’सारखं काहीतरी. मूल कानाला प्रामाणिक आहे, लिपीच उलटी चालते. इथे ‘नीट बघून लिही’ उपयोगाचं नाही. अक्षराऐवजी अख्खा ‘कि’ मोठ्याने म्हणायला लावा आणि म्हटल्यावरच पेन्सिल टेकवायची, आधी डावीकडचा दांडा, मग ‘क’. दुसरी वेलांटी आधी शिकवली तर हा गोंधळ बराच कमी होतो, कारण तिथे कान आणि हात एकाच क्रमाने जातात.

‘ल’ आणि ‘श’वरून घरात भांडणं झालेली मी पाहिली आहेत. हिंदीच्या वहीत एक ‘ल’, मराठीच्या वहीत दुसरा. राज्य सरकारने ६ नोव्हेंबर २००९च्या शासन निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ठरवून दिले आहेत. पण मोबाइलवर पुष्कळदा हिंदी वळणाचे दिसतात आणि मूल तिथूनच उतरवतं. मराठीच्या बाईंनी काट मारली, तर त्यात मुलाची चूक नाही, हे त्याला सांगा. मराठीच्या वहीच्या पहिल्या पानावर हे दोन अक्षर मोठे काढून ठेवा, बस.

अंकांतही असाच घोळ. ३ आणि ६ एकमेकांचं आरशातलं रूप. त्यात मराठी १ दिसतो इंग्रजी नवासारखा आणि मराठी ४ इंग्रजी आठासारखा. हे दोन्ही संच एकाच आठवड्यात शिकवू नयेत. इंग्रजी बी-डी उलटसुलट होणं, एखादं अक्षर आरशात पाहिल्यासारखं काढणं हे साधारण सात वर्षांपर्यंत चालतं. रोज एकदा शांतपणे दाखवा आणि सोडून द्या.

वेळ आणि रबर

घरी दहा मिनिटं. खरंच दहा. मग ओळ अर्धी राहिली तरी वही बंद. केंद्राच्या २०२० सालच्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच नसावा असं म्हटलं आहे. तरी व्हॉट्सॲप ग्रुपवर संध्याकाळी फोटो येतोच. वर्गशिक्षिकेला गोड शब्दांत विचारा, ‘मॅडम, पाच ओळींऐवजी दोन चांगल्या चालतील का?’ बहुतेक जणी हो म्हणतात. त्यांनाही चाळीस वह्या तपासायच्या असतात.

रबर लपवा. चुकलं तर एक आडवी रेघ आणि पुढे चला. खोडण्यात जाणारा वेळ मोजला तर लिहिण्यापेक्षा जास्त निघेल, आणि खोडताना मूल चिडतं ते वेगळंच.

कधी बाहेर दाखवायचं

सगळ्यात आधी डोळे. फळ्यावरचं उतरवताना ओळी गाळणारं मूल ‘लक्ष देत नाही’ म्हणून ओरडा खातं आणि निघतो चष्मा. त्यानंतरही, तोंडी गोष्ट रंगवून सांगणारं मूल कागदावर दोन शब्दांच्या पुढे जात नसेल, बटण लावणं आणि कात्री धरणंही जड जात असेल, तर ऑक्युपेशनल थेरपिस्टला, म्हणजे रोजच्या कामांतल्या हातांच्या हालचाली सुधारून देणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा, दुसरी संपायची वाट बघू नका. वाचन आणि लिखाण दोन्ही तिसरीपर्यंत अडलेलंच असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. ठाणेकरांना शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय सोयीचं पडतं, तिथे लर्निंग डिसॅबिलिटी क्लिनिक आहे आणि शीव मध्य रेल्वेवरच येतं. जाताना जुन्या वह्या बरोबर न्या, नवी कोरी वही नेऊन उपयोग नाही.

सगळं बसलं आणि परत बिघडलं तर

बिघडणार, आणि कधी बिघडणार तेही ठरलेलं आहे. मे महिन्याच्या सुट्टीनंतर, दिवाळीच्या सुट्टीनंतर आणि वही बदलली की. सुट्टीनंतर पहिला आठवडा पाटी, चिमटे आणि कार्बन एवढंच करा, वही उघडू नका. वही बदलताना, चौकटीतून दुरेघीत किंवा दुरेघीतून एकरेघीत जाताना, अक्षर एकदम मोठं होतं आणि डोकी परत खाली-वर होतात, कारण आधाराची रेघ गेलेली असते. एकरेघी वहीत पहिल्या आठवड्यात तुम्ही पट्टीने फिकट दुसरी रेघ मारून द्या. पुढच्या आठवड्यात एक ओळ सोडून एक. मग फक्त पानाच्या पहिल्या ओळीला. त्यानंतरही डोकी हलली, तर वहीचं पान उलटून मागून बोट फिरवा आणि मूल कुठे बसून लिहितंय ते बघा.